एका कुपनात दोन स्टँड

निवृत्तीनंतर मी मुलाकडे परदेशात तीन महिने राहून आलो. येताना बोईसरच्या लोकांसाठी चॉकलेटं आणली आणि एक गोष्ट आणली. चॉकलेटं आठवड्यात संपली. गोष्ट मात्र मी वर्षभर पुरवली.

गोष्ट अशी. मुलाच्या शहरात जमिनीखालून गाड्या धावतात. त्यातली दोन स्टेशनं दोन वेगळ्या मार्गांवरची, पण एकमेकांपासून चार इमारतींच्या अंतरावर. दोन्ही जोडायला खालून बोगदा खणायचा, तर खर्च फार. मग त्या लोकांनी काही खणलंच नाही. एका स्टेशनातून बाहेर पडायचं, फुटपाथवरून चालत जाऊन दुसऱ्यात शिरायचं, आणि अर्ध्या तासाच्या आत तेच कार्ड लावायचं. दुसऱ्या गाडीचे पैसे पडत नाहीत. नकाशावर दोन गोल आणि मध्ये एक तुटक रेघ. झालं काम. मी त्या दोन स्टेशनांच्या मध्ये एका सकाळी चार वेळा जा-ये केली. सूनबाईंनी मुलाला विचारलं म्हणे, की बाबांना बरं वाटत नाहीये का?

मला बरंच वाटत होतं. मी तारापूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो. पाइपांची ड्रॉइंगं काढायची, हे माझं काम. इकडचा पाइप तिकडे कसा जोडावा, वळण कुठे द्यावं, व्हॉल्व कुठे बसवावा, यात माझी हयात गेली. कागदावर जोडलेला पाइप प्रत्यक्षात बसला नाही तर आम्ही फिटरला दोष द्यायचो. ही सवय लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळं तिच्यामुळेच झालं.

आता बोईसर. आमच्या भागात शेअर रिक्षांचे दोन स्टँड आहेत. एक किनाऱ्याचा, तिथे मुरबे आणि आसपासच्या गावांहून सहा आसनी गाड्या येतात. दुसरा कॉलनीचा, तिथून कारखान्यांच्या कामगार वस्तीकडे रिक्षा सुटतात. दोन्ही स्टँडांच्या मध्ये एक लांब गल्ली आहे आणि त्या गल्लीत माझं घर आहे. इतकी वर्षं हे मला दिसलं नव्हतं. परदेशातून आलो आणि पहिल्याच सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा दिसलं. दोन गोल, मध्ये तुटक रेघ. दूध तसंच राहिलं आणि मी घरी येऊन कागद काढला.

कागद काढायला निमित्तही होतं. रोज सकाळी मुरब्याच्या पाच मासळीवाल्यांना घेऊन एक सहा आसनी यायची, ती किनाऱ्याच्या स्टँडवर न थांबता सरळ कॉलनीच्या बाजारापर्यंत जायची. कॉलनीचे रिक्षावाले रोज त्यावर आरडाओरडा करायचे. आमच्या रस्त्यावर किनाऱ्याची गाडी कशाला, म्हणून. किनाऱ्याचा ड्रायव्हर रोज त्यांना काहीतरी उत्तर द्यायचा आणि निघून जायचा. मला वाटलं, हे असं चालू राहणं बरं नाही. यात तोडगा हवा. खरं सांगायचं तर तोडगा माझ्याकडे आधीच होता, मी फक्त त्याला शोभेल असं भांडण शोधत होतो.

दोन्ही स्टँडांच्या लोकांना मी घरी चहाला बोलावलं. बायकोने दोन वेळा कांदाभजी तळली. मी नकाशा भिंतीला लावून समजावलं. किनाऱ्याच्या गाडीने आपल्या स्टँडवर थांबायचं. पुढे जाणाऱ्या प्रवाशाने तिथेच सगळं भाडं द्यायचं आणि कुपन घ्यायचं. मग गल्लीतून चालत जायचं, अर्ध्या तासाच्या आत कुपन दाखवून कॉलनीच्या रिक्षात बसायचं. दुसरं भाडं नाही. स्टँडवाल्यांनी आठवड्याने आपसात हिशेब मिटवायचा. किनाऱ्याच्या गाडीने पुढे जायचं नाही, म्हणजे भांडणही नाही. असं मी कागदावर लिहिलं आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कॉलनीच्या स्टँडवरचा सगळ्यांत जुना रिक्षावाला, मूळचा उत्तरेकडचा पण जन्म बोईसरात गेलेला, त्याने सही करताना मला विचारलं, "काका, चलने में कितना टाइम?"

"आठ मिनिटं," मी म्हणालो. मी आदल्या दिवशी मोबाईलवर वेळ लावून चाललो होतो. तीन वेळा चाललो आणि सरासरी काढली. हातात काही नव्हतं, पायात मुलाने घेऊन दिलेले बूट होते, आणि सकाळचे सहा वाजले होते. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

योजना सुरू झाली. मी दोन्ही स्टँडांवर रंगवलेला फलक लावला, त्यावर तोच नकाशा. योजनेची एक प्रत आणि सोबत अर्ज असं घेऊन पालघरजवळच्या कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयातही देऊन आलो, म्हणजे पुढे मागे सगळ्या जिल्ह्याला उपयोगी पडावं. तिथल्या माणसाने शिक्का मारून पोच दिली. ती मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवली.

रोज सकाळी मी किनाऱ्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहायचो. गाडी आली की उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, "बरं चाललंय ना?" सगळे म्हणायचे, हो, बरं चाललंय. पाच मासळीवाल्यांपैकी चौघी पंधरा दिवसांत कॉलनीला जायच्या बंद झाल्या आणि स्टँडच्या बाजूलाच पाट्या मांडून बसू लागल्या. त्याचा अर्थ मी असा लावला की त्यांना इथेच चांगलं गिऱ्हाईक मिळायला लागलं. स्टँडचा विकास झाला, असंही मी एक-दोघांना बोलून दाखवलं.

पाचवी मात्र जात राहिली. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल, पण मासळीवालीला मावशीच म्हणतात, म्हणून आम्ही तिला मावशी म्हणायचो आणि ती मला भाऊ म्हणायची. ठेंगणी, काटक, बोलायला कमी. मुलगा बोटीवर, सून मासळी सुकवायला घरी, आणि विकायचं काम हिचं. कॉलनीच्या बाजारात तिची बसायची जागा होती, आधी तिच्या सासूची, नंतर तिची. नाक्यावरच्या नळाच्या पुढे, जिथून रात्रपाळी सुटलेला प्रत्येक माणूस जातो. तिला मी रोज विचारायचो, "मावशी, बरं चाललंय ना?" ती म्हणायची, "हाय भाऊ, बरा हाय." आणि चुंबळ ठीक करून पाटी डोक्यावर घेऊन गल्लीत शिरायची. तिच्याकडे बघून मला फार समाधान वाटायचं. माझ्या तुटक रेघेवरून रोज खरोखर चालणारं माणूस तीच होती.

घरातही योजनेचं कौतुक होतं. पूर्वी बायकोला मासळीसाठी बाजारात जावं लागायचं, हल्ली ताजे बोंबील दारात मिळत होते. कोण देतं, कधी देतं, हे मी विचारलं नाही. मी त्या वेळी स्टँडवर सरासरी काढत असायचो. घरी आलो की ताटात बोंबील असायचे आणि ते खाताना मी बायकोला सांगायचो, "बघ, एक साधी गोष्ट जोडली की माणसांचं जगणं किती सोपं होतं."

असे दोनेक महिने गेले. एके दिवशी मुलीचे सासरे पालघरहून आले. त्यांना योजना तोंडी सांगून माझं भागेना, म्हणून मी त्यांना प्रत्यक्ष दाखवायला घेऊन गेलो. गल्लीतून चाललो, कुपन दाखवून रिक्षात बसलो, कॉलनीच्या बाजारात उतरलो. म्हटलं, चला, आमच्या एका नियमित प्रवाशाची गाठ घालून देतो.

नळाच्या पुढच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. तरुण, दुसऱ्या कुठल्यातरी गावची, पुढ्यात कोलंबीचे वाटे. मला वाटलं मावशी आली नसेल. तेवढ्यात मुलीच्या सासऱ्यांनीच मला बाजाराच्या पार टोकाला बोट दाखवलं, "ती बाई तुमच्याकडे बघतेय." कोंबडीवाल्याच्या मागे, गटारालगत, मावशी बसली होती. पाटी जवळजवळ भरलेली. माझ्याकडे बघून तिने पदर नीट केला आणि नजर काढून घेतली, जणू चूक तिची होती.

शेजारच्या भाजीवालीने मला सगळं सांगितलं. तिथल्या बाजारात जागेला कागद नसतो. रात्रपाळी सुटायच्या आधी जी येऊन आपलं गोणपाट अंथरते, त्या दिवशी जागा तिची. जुनी बाई आली नाही तर दुसरी बसते, त्यात वाद नाही. पण एकच बाई सलग सात दिवस एका जागी बसली, की आठव्या दिवसापासून जागा तिची होते. मग आधीच्या बाईने कितीही लवकर येऊन उपयोग नाही. बाकीच्या बायकाच तिला बसू देत नाहीत.

"हिचा आज कितवा दिवस?" मी विचारलं.

"सहावा," भाजीवाली म्हणाली. "म्हातारीला हल्ली रोज उशीर होतो. आधी असं नव्हतं."

परत येताना मुलीचे सासरे फार सभ्यपणे हवेबद्दल बोलत राहिले.

मला राग आला होता, पण तो कॉलनीच्या रिक्षावाल्यांचा. मी ठरवूनच टाकलं की ते मावशीला ताटकळत ठेवतात. माझं ड्रॉइंग बरोबर होतं, म्हणजे फिटर चुकला होता. आता पुरावा हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरुण बाईचा सातवा दिवस होता, पण घाईत मला त्या हिशेबापेक्षा पुराव्याची पडली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण असंच होतं.

नशीब एवढंच, की दुसऱ्या दिवशी त्या तरुण बाईच्या गावाला लग्न होतं आणि ती आलीच नाही. म्हणजे तो दिवस मोजला गेला नाही आणि सातवा दिवस पुढे गेला. बाजाराच्या मोजणीत लग्नाला सूट असते, हे मला नंतर कळलं.

तर त्या सकाळी गाडी आली. दुसऱ्या एका मासळीवालीने हात लावून मावशीच्या डोक्यावर पाटी चढवली आणि ती निघाली. मोबाईलवर वेळ लावून मी तिच्या वीस पावलं मागे. ती माझ्यापेक्षा भरभर चालत होती, डोक्यावर बर्फासकट पाटी घेऊन. मी धापा टाकत मनात म्हटलं, आठ काय, ही सहा मिनिटांत पोचेल. मग एका दारातून हाक आली, "मावशी, आज काय आहे?" आणि ती थांबली.

दार माझं होतं. हाक माझ्या बायकोची होती. हातात स्टीलचं ताट.

मी विजेच्या खांबामागे उभा राहिलो. बायकोने हात लावून पाटी उतरवली. मावशीने वरचा प्लॅस्टिकचा कागद काढला, बर्फ बाजूला केला. बायकोने बोंबील उलटेसुलटे करून बघितले, मांदेली बघितली, परत बोंबलांवर आली. भाव झाला. भाव मोडला. परत झाला. मावशीने मोजून दिले, वर दोन घातले. बायको पैसे आणायला आत गेली आणि पाच मिनिटांनी चहाही घेऊन आली, कारण ती मनाने चांगली आहे. मोबाईलमध्ये बघितलं, चौदा मिनिटं. रोज दुपारी मी जे चवीने खात होतो, ती हीच चौदा मिनिटं.

"तुम्ही तिथे खांबामागे काय करताय?" बायको म्हणाली. "या इकडे, हात लावा. पाटी उचलायची आहे."

मी पुढे झालो, पण पाटी न उचलता बाजारातली सगळी हकीकत बायकोसमोर सांगितली. बायको एकदम ओशाळली. "मावशी, तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. "मी कशाला थांबवलं असतं तुम्हाला? उद्यापासून मी दारच उघडत नाही."

"तसा नको वैनी," मावशी म्हणाली. "दार नाय उगडला तर पुढच्या दाराशी कोनतरी हाक मारनारच. दिवसाची पयली हाक हाय ती. भवानी टाळता येत नाय आमाला. भवानी सोडून पुढे गेली तर दिवसभर पाटी उतरत नाय."

ही गोष्ट मला नव्याने कळली नव्हती. भवानी म्हणजे पहिली विक्री, आणि कुठलाही विकणारा ती परतवत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. गाडी सरळ जायची तेव्हा तिची भवानी तिच्या जागेवर व्हायची. मी तिला गाडीतून उतरवून एका लांब गल्लीत सोडलं, जिच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकाची चिंता करणाऱ्या बायका राहतात. नकाशात मी फक्त रेघ काढली होती. पाइपातल्या पाण्याला कोणी हाक मारत नाही.

त्या दिवशीही मावशी पोचेपर्यंत नळापुढच्या रिकाम्या जागेवर तिसरीच कोणी बसली होती, म्हणून ती टोकालाच बसली. संध्याकाळी मी बायकोशी बोलून नवा उपाय काढला. हो, उपायच. भवानी मीच करणार, गाडीतून उतरल्या उतरल्या, किनाऱ्याच्या स्टँडवर. मग गल्लीत कोणी हाक मारली तरी तिला नाही म्हणता येईल.

दुसऱ्या सकाळी, म्हणजे त्या पुढे गेलेल्या सातव्या दिवशी, मी पिशवी घेऊन हजर होतो. मावशी उतरली, मी पुढे झालो. मासळी घेण्याचा मला काहीच सराव नाही. "चांगली असेल ती द्या," मी म्हणालो. बाजूला बसलेल्या चौघी हसल्या. मावशीने मला मूठभर मांदेली दिली, नोट कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. मी स्वतः हात लावून पाटी तिच्या डोक्यावर चढवली आणि माझ्या शर्टाच्या बाहीतून बर्फाचं पाणी काखेपर्यंत गेलं.

गल्लीत तिला चार हाका आल्या. "भवानी झाली, आता थांबत नाय," एवढंच म्हणत ती चालत राहिली. आमच्या दारात बायको उभी होती, तिने हाक न मारता नुसती मान हलवली. आम्ही कॉलनीच्या स्टँडवर पोचलो तेव्हा पुष्कळ वेळ होता. माझा ऊर भरून आला. मावशीने कुपन दाखवलं आणि पाटी पायाशी घेऊन रिक्षात बसली.

रिक्षा काही हलेना.

"चला की," मी म्हणालो.

"काका, सीट भरू दे," जुना रिक्षावाला म्हणाला. "शेअर आहे ना. दोन सीट भरली की निघतो. इतने सवेरे टाइम लगता है."

शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, हे बोईसरात जन्मलेल्या मुलालाही ठाऊक असतं. मी आठ मिनिटं तीन वेळा मोजली होती, पण इतक्या सकाळी रिक्षात बसून एकदाही थांबलो नव्हतो. दोन महिने ती रोज त्या चौदा मिनिटांनंतर इथेही थांबत होती. पलीकडे कारखान्यांकडून सायकली दिसायला लागल्या. रात्रपाळी सुटत होती.

मी एका सीटवर बसलो आणि उरलेल्या सीटचे पैसे जुन्या रिक्षावाल्याच्या हातावर ठेवले. मोफत बदलाची योजना काढणारा माणूस पूर्ण रिक्षा भाड्याने करून निघाला. त्याने रिक्षा सुरू करताना आरशात माझ्याकडे बघितलं आणि मी बाहेर बघितलं.

बाजारात पोचलो तेव्हा कोलंबीवाली तरुण बाई नळापासून दहा पावलांवर होती, पाटी डोक्यावर. मावशी रिक्षातून उतरली, गोणपाट काढलं आणि आपल्या जागेवर अंथरलं. ती तरुण बाई थांबली, तिने बघितलं, आणि टोकाकडे गेली. तिचे सहा दिवस वाया गेले होते. तिलाही घर असणार, हे मला तेव्हा सुचलं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मावशी बसली. बोंबील मांडले, पाणी शिंपडलं. मी तसाच उभा होतो. कशासाठी, ते सांगून टाकतो. ती माझे आभार मानेल म्हणून उभा होतो.

"झालं ना मावशी वेळेत?" मी शेवटी म्हणालो.

"आज झाला," ती म्हणाली. "उद्या?"

"उद्याही येतो मी."

"आनि तुमाला ताप आला तर? पोराकडे गेलात तर?"

 मग मी तिला तेच विचारलं जे दोन दिवस डोक्यात होतं. "मावशी, मी रोज विचारत होतो, बरं चाललंय का. तुम्ही एकदा तरी नाही म्हणायचं होतं."

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. "तुमी सकाळी सकाळी तिते उबे असायचे, भाऊ. एवड्या आशेने विचारायचे. तुमाला नाय कसा बोलू? वाईट वाटला असता तुमाला." मग म्हणाली, "जागा माज्या सासूची हाय. गेली असती तर मग मला वाईट वाटला असता."

गिऱ्हाईक आलं आणि ती त्याच्याकडे वळली. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला लाज हा शब्द पुरेसा आहे. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून एक बाई आपल्या सासूची जागा घालवायला निघाली होती, आणि मी तिच्याकडे बघून समाधान मानत होतो.

मी त्याच रिक्षाने परत आलो आणि कॉलनीच्या स्टँडवरच उतरलो. दोन्हीकडच्या लोकांना तिथे बोलावलं. या वेळी चहा नाही, भजी नाही, नकाशा नाही. हातात मांदेलीची पिशवी, ती ठिबकत होती. मी म्हणालो, "माझं चुकलं." पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी कधी म्हटलं नव्हतं, ते अगदी लहान आवाजात आलं. मग लगेच तोंड उघडलं, "आता आपण असं करू या, की..."

"काका," जुना रिक्षावाला म्हणाला, "नया कुछ नहीं. हात जोडतो."

सगळे हसले, पण वाईट हसले नाहीत. त्याने मला स्टँडवरच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. मासळीची गाडी आधी सरळ जायची, तेव्हा आम्ही ओरडायचो. ड्रायव्हर उत्तर द्यायचा आणि जायचा. ओरडून झालं की आम्ही चहा प्यायचो. कधी कोणी गाडी अडवली नाही. "भांडण होतं, पण गाडी पोचत होती," तो म्हणाला. "आता भांडण बंद आहे आणि म्हातारी पोचत नाही. आम्हाला पण दिसत होतं. तुमचा बोर्ड होता, सही होती, तुम्ही रोज येत होता. कोण बोलणार?"

किनाऱ्याचा ड्रायव्हर पुढे झाला. "मग उद्या जाऊ सरळ?" त्याने विचारलं.

"जा," जुना रिक्षावाला म्हणाला. "आम्ही ओरडू."

घरी आलो. बायकोने मांदेली साफ केली. जेवताना मी तिला सांगितलं की उद्यापासून दारात मासळी येणार नाही. ती म्हणाली, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला काही काम नव्हतं, तरी सवयीने किनाऱ्याच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. गाडी लांबून दिसली. मागे पाचही जणी बसल्या होत्या, मावशी कडेला, पाटी गुडघ्यांत धरून. गाडीचा वेग कमी होईना. मी नेहमीप्रमाणे विचारायला म्हणून दोन पावलं पुढे झालो. ड्रायव्हरने लांब हॉर्न वाजवला आणि मी रस्त्यातून बाजूला झालो.